तोफेचा गोळा पडेल तिथपर्यंत

तमिळनाडूत कडलूरजवळ, गडिलम नदीच्या काठी, सेंट डेव्हिड किल्ल्याचे अवशेष आहेत. १६९० साली, मोगली फौजा जिंजीवर चालून आल्या त्याच वर्षी, छत्रपती राजाराम महाराजांच्या राजवटीकडून ईस्ट इंडिया कंपनीने हा किल्ला विकत घेतला. त्या व्यवहारातली एक अट फौजी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. किल्ल्यावरून डागलेला गोळा जिथवर पडेल, तिथवरची गावं कंपनीची! त्या गावांना पुढे ‘गुंडु ग्रामम’, म्हणजे तोफगोळ्याची गावं, असं नावच पडलं.

गोळा कुठे पडला हे सगळ्यांना दिसलं. तो तिथेच का पडला, हे मात्र तेव्हा किल्ल्यावरच्या कोणालाच सांगता आलं नसतं. ते ज्याने पुढे मोजून दाखवलं, तो माणूस साठ वर्षांनी नेमका याच किल्ल्यात वारला. त्याचं नाव बेंजामिन रॉबिन्स.

रॉबिन्स इंग्रज गणिती. गॅलिलिओने निर्वात जागेतल्या गोळ्याचा मार्ग परवलयाचा असतो हे दाखवलं होतं आणि हवेचा अडथळा किरकोळ समजून बहुतेक तोफखाने तोच हिशेब मानत होते. रॉबिन्सने एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यावर बंदूक झाडली. ठोकळा किती मागे झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. मग तोच ठोकळा आणखी दूर टांगून पुन्हा फायर. दोन वेगांमधला फरक म्हणजे वाटेत हवेने खाल्लेला वेग. १७४२ साली त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं. तीन वर्षांत ऑयलरसारख्या गणितज्ञाने त्याचा जर्मन अनुवाद टीपांसह काढला.

त्याचा एक हिशेब आजही थक्क करतो. सेकंदाला १,७०० फूट वेगाने, ४५ अंशांत झाडलेली मस्केटची गोळी हवा नसती तर १७ मैल गेली असती. प्रत्यक्षात ती मैलभरसुद्धा जात नाही. रॉबिन्सने आणखी दोन गोष्टी ओळखल्या. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम बदलतो. आणि फिरकी घेतलेली गोळी मार्ग बदलते, म्हणून नळीत आटे पाडून तिला ठरावीक फिरकी दिली पाहिजे. आटे असलेल्या बंदुकीचं मर्म जे राष्ट्र आधी जाणेल ते इतरांच्या पुढे जाईल, असं त्याने १७४७ मध्येच सांगितलं होतं. १७५० साली तो कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करायला हिंदुस्थानात आला आणि पुढच्याच वर्षी जुलैत वारला. वय अवघं ४४.

आता थेट मार्च २००२. अफगाणिस्तानातलं शाह-इ-कोट खोरं. कॅनडाच्या सैन्यातला कॉर्पोरल रॉब फरलाँग याने २,४३० मीटरवरचा माणूस टिपला. रायफल .५० कॅलिबरची, नळीतून निघताना गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर, उड्डाणाचा वेळ चार सेकंदांच्या आसपास. हे आकडे धरून जरा पाटीवर गणित मांडू.

चार सेकंदांत कोणतीही वस्तू सुमारे ७८ मीटर खाली येते. म्हणजे नळीचा रोख पंचवीस मजली इमारतीएवढा वर. अंतर मोजण्यात थोडी चूक झाली तरी गोळी पुढे किंवा मागे जमिनीत. हे झालं गुरुत्वाकर्षण, आणि ते निदान रोज सारखंच असतं.

वारा तसा नसतो. हवा नसती तर हीच गोळी तीन सेकंदांत पोचली असती. हवेने एक सेकंद खाल्ला. आडव्या वाऱ्याचा वेग गुणिले हा खाल्लेला वेळ, तेवढी गोळी बाजूला सरकते. गालाला जेमतेम जाणवणारी सेकंदाला एक मीटरची झुळूक गोळीला एक मीटर ढकलते. माणसाची छाती अर्धा मीटर रुंद. शिवाय नेमबाजाजवळचा वारा, मधल्या नाल्यातला वारा आणि लक्ष्याजवळचा वारा क्वचितच एक असतो. त्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्या अक्षांशावर सुमारे ४० सेंटीमीटर उजवीकडे, आणि उजव्या आट्यांच्या नळीची फिरकी आणखी थोडं उजवीकडे.

डोंगरात काम केलेल्यांना पुढचा मुद्दा सांगायला नको. शाह-इ-कोटच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने विरळ. पाच हजार मीटरवर ती साठ टक्क्यांवर येते. खाली मैदानात झीरो केलेली रायफल तशीच वर नेली तर लांबची गोळी वर लागते. उलट थंडीने दारू मंद जळते, वेग घटतो, गोळी खाली येते. दोन्ही एकदम घडतं, म्हणून अंदाज चालत नाही. वर पोचल्यावर पुन्हा झीरो करावं लागतं.

आणि मग ज्या भागाबद्दल बातम्यांत दोन ओळी येतात तो. फरलाँगची पहिली गोळी चुकली. दुसरी त्या माणसाच्या पाठीवरच्या पिशवीला लागली. तिसरी लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये हेल्मंड प्रांतात मूसा कलाजवळ ब्रिटिश सैनिक क्रेग हॅरिसनने २,४७५ मीटरवर लागोपाठ दोन माणसं टिपली, तेव्हा आधी नऊएक गोळ्या अंतर आणि वारा जुळवण्यात गेल्या होत्या. यात त्यांचा कमीपणा नाही. चुकलेली गोळी कुठे पडली हे स्पॉटरने पाहिलं, सांगितलं आणि पुढची दुरुस्ती झाली, म्हणूनच ते शॉट लागले.

तरुण अधिकारी विक्रमाचे मीटर तोंडपाठ सांगतात तेव्हा मी विचारतो, कितव्या गोळीला? कारण चुकलेली पहिली गोळी समोरच्याला सावध करते. चार सेकंदांत चालता माणूस पाच मीटर पुढे गेलेला असतो. आणि आपली जागा उघडी पडली, तर उत्तर त्या दोघा जवानांवर येतं, फायरचा हुकूम देणाऱ्यावर नाही. ज्या पल्ल्यावर पहिल्याच गोळीचा भरवसा देता येतो, तोच त्या जोडीचा खरा पल्ला. तो जोडीगणिक, उंचीगणिक आणि दिवसागणिक वेगळा असतो. तो कंपनी कमांडरला माहीत असला पाहिजे, आणि तो त्या जोडीच्या नोंदवहीत सापडतो. प्रत्येक गोळीमागे तापमान, वारा, उंची आणि गोळी कुठे लागली हे लिहिलेलं असेल तरच.