फळमाशीला चव कशी कळते?

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एक तरुण गव्हाच्या आनुवंशिकीवर काम करू पाहत होता. अलीगढ विद्यापीठातून वनस्पतिशास्त्र शिकून तो आलेला. प्रयोगाचे पीक शेतात उभे असताना गारपीट झाली आणि सारे मातीत गेले. पुढच्या हंगामाची वाट पाहण्याऐवजी त्याने ग्लासगोची वाट धरली. हा तरुण म्हणजे ओबेद सिद्दिकी. भारतात रेण्वीय जीवशास्त्र रुजवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक. त्यांचा जन्म 7 जानेवारी 1932 रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला.

ग्लासगोत त्यांचे गुरू होते ग्विदो पोंतेकोर्वो. तेथे गव्हाऐवजी हाती आली अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी. गव्हाची एक पिढी यायला काही महिने लागतात, बुरशीची काही दिवसांत येते, शिवाय ती काचेच्या बशीत वाढते आणि तिला गारपिटीची भीती नाही. त्या काळी जनुक म्हणजे गुणसूत्राच्या माळेतील एक अखंड मणी, ही जुनी कल्पना मोडीत निघत होती. जनुकालाही लांबी असते, त्याच्या आत वेगवेगळ्या जागी बिघाड होऊ शकतात आणि त्या जागांचा नकाशा काढता येतो, हे कळू लागले होते. सिद्दिकींनी बुरशीच्या एका जनुकाचा असा बारीक नकाशा काढला आणि 1961 मध्ये पीएच.डी. मिळवली.

नंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅलन गॅरन यांच्याबरोबर त्यांनी केलेले काम वर्गात सांगण्याजोगे आहे. ई. कोलाय या जिवाणूत अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे एक विकर तयार होते. त्याच्या जनुकात बिघाड झालेले काही जिवाणू हे विकर बनवू शकत नव्हते. पण तोच बिघडलेला जनुक ई. कोलायच्याच दुसऱ्या वाणात नेला, तर विकर पुन्हा तयार होई! जनुक तर तसाच बिघडलेला; मग हे झाले कसे? दुसऱ्या वाणात आणखी एक वेगळा जनुक होता, जो त्या बिघाडावर मात करत होता. हे काम 1962 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे उलगडा झाला तो असा. वाक्याच्या मध्येच चुकून पूर्णविराम पडला, तर वाचणारा तेथेच थांबतो आणि वाक्य अर्धवट राहते. काही उत्परिवर्तनांमुळे जनुकाच्या मध्ये असाच नको तो पूर्णविराम पडतो व प्रथिन अर्धवट राहते. दुसऱ्या वाणातील पेशी त्या पूर्णविरामाकडे काणाडोळा करून पुढे वाचत जाते. जनुकीय संकेतात 'येथे थांबा' असे सांगणारी त्रिके आहेत, हे समजण्याच्या वाटेवरील हा एक महत्त्वाचा टप्पा होता.

अशी सुरुवात झालेल्या संशोधकाने अमेरिकेतच राहायचे ठरवले असते, तर नवल नव्हते. परंतु मुंबईत होमी भाभा होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था ही भौतिकी आणि गणिताची संस्था. तेथे जीवशास्त्र कशाला, असा प्रश्न कोणालाही पडावा. पण त्या पिढीतले अनेक भौतिकशास्त्रज्ञच जीवशास्त्राकडे वळत होते. अणुकेंद्रकीय साखळी प्रक्रियेची कल्पना मांडणारे लिओ झिलार्ड हे त्यांपैकीच एक, आणि सिद्दिकींची शिफारस भाभांकडे केली ती झिलार्ड यांनीच. 1962 मध्ये संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा सिद्दिकींनी जेमतेम तिशी गाठली होती. भाभांची माणसे पारखण्याची पद्धत काहीशी उलटी होती. आधी विभाग आणि मग त्यासाठी माणूस, असे नाही. आधी माणूस मिळू दे, मग त्याच्याभोवती विभाग. मला वाटते, आपल्याकडच्या किती तरी संस्था ही साधी गोष्ट अजून शिकायच्या आहेत.

मुंबईतील सुरुवातीचे काम जिवाणूंवरच होते. दोन जिवाणूंचा संयोग होतो तेव्हा एकाचा डीएनए दुसऱ्यात जातो. तो तेथे खरोखर जोडला जातो, की केवळ त्याची नक्कल उतरवली जाते? किरणोत्सारी खूण केलेला डीएनए वापरून सिद्दिकींनी दाखवले, की दात्याच्या डीएनएचा तुकडाच संततीच्या डीएनएत सामील होतो.

या विषयात जम बसला असताना त्यांनी तो सोडला, हे मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसाचे पाऊल वाटते. 1970च्या दशकात ते कॅलिफोर्नियातील कॅलटेक येथे सीमोर बेन्झर यांच्याबरोबर काम करू लागले. बेन्झर हेही मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. वागणुकीमागे जनुके असतात का, असल्यास ती शोधता येतील का, हा त्यांचा ध्यास होता आणि साधन होते फळमाशी. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी, जेमतेम अडीच मिलिमीटरची ही माशी आपण रोजच हाताने उडवून लावतो.

शोधण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. नर माश्यांना साखरपाण्यातून एक रसायन पाजायचे. त्यामुळे त्यांच्या शुक्रपेशींतील डीएनएत कोठेही बदल होतात. कोठे, ते आपल्या हाती नाही. मग त्यांचा संकर अशा माद्यांशी करायचा, की ज्यांची दोन्ही एक्स गुणसूत्रे एकमेकांना चिकटलेली आहेत. एरवी मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळते. येथे मात्र ते बापाकडून मिळते, त्यामुळे त्यावरील बिघाड पहिल्याच पिढीतील मुलांमध्ये उघडा पडतो. आता हजारो मुलगे तपासायचे आणि वेगळा वागणारा एखादा निवडायचा. जनुक कोणता, तो काय करतो, यांतले काहीच ठाऊक नसताना केवळ बिघाडावरून त्याला पकडायचे.

सिद्दिकी आणि बेन्झर यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्या शोधल्या. नेहमीच्या तापमानाला त्या ठणठणीत असतात, 38 अंश सेल्सिअसच्या आसपास नेल्या की कोसळतात. थंड केल्यावर काही प्रकारच्या माश्या लगेच उठून चालू लागतात. एक प्रकार मात्र बराच काळ निपचित पडून राही. त्याला त्यांनी 'कोमॅटोझ', म्हणजे बेशुद्ध, असे नाव दिले. 1976 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले तेव्हा या जनुकाचे काम काय, हे कोणालाच सांगता आले नसते. ते कळायला 1995 उजाडले. चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक संदेश भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या पेशीच्या आवरणाशी जुळून रिकाम्या होण्याच्या व्यवस्थेला लागणारे एक प्रथिन हा जनुक बनवतो. हेच प्रथिन जेम्स रॉथमन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींतून स्वतंत्रपणे वेगळे केले होते. रॉथमन यांना 2013 मध्ये नोबेल मिळाले.

मुंबईला परतल्यावर सिद्दिकींनी चव आणि वास हे विषय घेतले. त्याच सुमारास त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी आली, व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील मूळचे गोव्याचे, जन्म केनियातला. युगांडातील मकेरेरे विद्यापीठात शिकत असताना 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर काढले. व्हेरोनिका डब्लिनला गेल्या आणि तेथे पदवी घेतली. सिद्दिकींचे काम वाचून त्यांनी पत्र लिहिले आणि कधीही न पाहिलेल्या मुंबईत संशोधनासाठी आल्या.

दोघांनी वापरलेली साधने अगदी साधी होती. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नळी घ्यायची, तिच्या एका फाट्यातून वासाची हवा सोडायची, दुसऱ्यातून साधी, आणि माश्या कोठे जातात ते मोजायचे. काही उत्परिवर्तित माश्यांना अल्डिहाइडांचा वास कळत नसे, पण एस्टरांचा कळे. काहींचे नेमके उलट. म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या वासांसाठी वेगवेगळी जनुके लागतात. हे 1978 मधले काम. फळमाशीतील वास ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुके हाती आली ती 1999 मध्ये.

चवीची गोष्ट अधिक मजेची आहे. माशी पायानेही चव घेते! पायाला साखरेचे पाणी लागले की तिची सोंड आपोआप बाहेर येते. सोंडेच्या टोकावर बारीक केस असतात आणि चव घेणाऱ्या प्रत्येक केसात साधारणपणे चार चेतापेशी चवीसाठी असतात. एक साखरेला प्रतिसाद देते, एक पाण्याला, दोन क्षारांना. हे तपासण्यासाठी केसाइतक्या बारीक काचनळीत साखरेचे द्रावण भरून ती केसाच्या टोकावर टोपीसारखी बसवतात. तेच द्रावण चव देते आणि तेच विद्युत-स्पंद टिपणारी तारही होते. सिद्दिकींच्या गटाने 1987 मध्ये 'नेचर' मध्ये एका उत्परिवर्तित माशीचे वर्णन केले. तिची साखरेची चेतापेशी मिठालाही प्रतिसाद देत होती, आणि ती माशी मिठाकडे ओढली जात होती. मेंदूला मीठ गोड वाटत होते, असे आपण गमतीने म्हणू. एका जनुकातील बदलाने पेशीची आवड बदलली आणि त्या पेशीमुळे सगळ्या प्राण्याचे वागणे बदलले.

केवळ आपल्या प्रयोगशाळेत रमणारा हा माणूस नव्हता. महाबळेश्वरला 1975 पासून जीवशास्त्राची चर्चासत्रे सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. 1990च्या दशकाच्या आरंभी मुंबई सोडून त्यांनी बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. तेव्हा ते साठीच्या घरात होते, म्हणजे एरवी निवृत्तीची पार्टी होते त्या वयात. भटनागर पुरस्कार (1976), रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (1984), पद्मविभूषण (2006) ही यादी खूप लांबवता येईल. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी गंध-चेतापेशींच्या घडणीवर स्वतःचा मोठा संशोधनगट उभा केला, पण 2010 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. केंद्राचे संचालकपद सोडल्यावरही सिद्दिकी माश्यांना वास कसा कळतो आणि कसा लक्षात राहतो यावर प्रयोग करत राहिले. जुलै 2013 मध्ये बंगळूरला रस्त्यावरील अपघातात जखमी होऊन 26 तारखेला, वयाच्या 81व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोवर त्यांची प्रयोगशाळा चालू होती.