तळटीप : गगनबावड्याच्या रानातला कार्बन

* इथे दिलेला हेक्टरी कार्बनचा आकडा संगणकी प्रारूपातून आलेला आहे, रानात मोजलेला नव्हे. रानातल्या मोजणीत सुमारे १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर घेतात, समीकरणाने कोरडे वजन काढतात आणि त्यातला साधारण ४७ टक्के भाग कार्बन धरतात. म्हणजे प्रारूप ज्यावर पारखायचे, त्या कसोटीच्या दगडातही थोडा अंदाज असतोच. गगनबावड्यात पावसाळाभर ढग, त्यामुळे उपग्रहाला रान नीट दिसत नाही. शिवाय सड्याच्या कडेची अंजनी-जांभळे वाऱ्याने खुजी राहतात. उंच झाडांवर बेतलेले समीकरण त्यांना बसेलच असे नाही. जंगल आणि हवा यांच्यातली कार्बनची देवघेव मनोऱ्यावरून मोजण्याचे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केले आहे, पण काझीरंगात. — संपा.