बीटाट्रॉनचं नाव

१९४० साली इलिनॉय विद्यापीठात डोनल्ड कर्स्ट यांनी इलेक्ट्रॉनांना चुंबकाच्या जोरावर गोल फिरवून वेग देणारं यंत्र चालू केलं. तेच बीटाट्रॉन. इलेक्ट्रॉन आखलेल्या वाटेवरून नेमके धावत नाहीत. किंचित सरकतात, परत ओढले जातात, पुन्हा पलीकडे जातात. कर्स्ट आणि रॉबर्ट सर्बर यांनी १९४१ मध्ये या हेलकाव्यांचं गणित मांडलं आणि त्या हेलकाव्यांना यंत्राचंच नाव चिकटलं.

वळणारा वेगवान इलेक्ट्रॉन ऊर्जा बाहेर टाकणार, हे शास्त्रज्ञ लिएनार यांनी १८९८ मध्येच गणितानं सांगितलं होतं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या मोठ्या बीटाट्रॉनवर जॉन ब्लूएट यांनी किरणांच्या रूपातली ही ऊर्जा शोधायचा प्रयत्न केला. ऊर्जा गमावल्यानं इलेक्ट्रॉनांची कक्षा आक्रसलेली त्यांना दिसली, किरण मात्र सापडले नाहीत. त्यांचा शोध रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालला होता, आणि इलेक्ट्रॉन ज्यात फिरत ती नळी होती अपारदर्शक.

त्याच कंपनीच्या स्कनेक्टडीच्या प्रयोगशाळेत नवा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना गोल फिरवून वेग देणारं आणखी एक यंत्र, आला तो पारदर्शक काचेच्या नळीचा. २४ एप्रिल १९४७ रोजी अधूनमधून ठिणग्या उडू लागल्या, म्हणून तंत्रज्ञ फ्लॉइड हेबर यांना काँक्रीटच्या भिंतीआडून आरशात पाहायला सांगितलं. त्यांनी तातडीनं यंत्र बंद करण्याची खूण केली: नळीत काहीतरी पेटलंय! पण नळीतली निर्वात पोकळी शाबूत होती. तो उजेड इलेक्ट्रॉनांचाच होता. शोधाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं पुढे येतात. मला हेबर यांची ती खूण तितकीच मोलाची वाटते. त्या प्रकाशाला नाव मिळालं सिंक्रोट्रॉनचं. पुढे खेकडा तेजोमेघाचा प्रकाशही याच जातीचा निघाला, आणि त्यालाही नाव हेच!

बीटाट्रॉनचं नाव उजेडाला मिळालं ते प्लाझ्मामुळे. प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूत, इलेक्ट्रॉनांचा दाट झोत घुसला की तिथले हलके इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले जातात, जड धन आयन जागीच राहतात. ते झोतातल्या इलेक्ट्रॉनांना मध्याकडे ओढतात. इलेक्ट्रॉन वेगात मध्य ओलांडून पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात. हेलकावे तेच, कर्स्ट-सर्बरांचे. प्रत्येक वळणावर पुढच्या दिशेनं क्ष-किरणांचा अरुंद झोत सुटतो.

कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत २८.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा झोत लिथियमच्या १.४ मीटर लांब प्लाझ्मातून सोडून हे क्ष-किरण मोजले गेले. तो निबंध २००२ मध्ये छापला गेला. या किरणांना बीटाट्रॉन प्रारण म्हणतात. त्या प्रयोगात बीटाट्रॉन कुठेच नव्हता.