मेहरबाईंच्या वेळी नव्हती ती गोळी

मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. एवढ्या श्रीमंत घरातही तेव्हा त्यावर औषध नव्हतं. मुंबईचं टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी त्याच्याही नंतरची, १९५०च्या दशकातली; ती घडवली अमेरिकेतल्या गर्ट्रूड एलियन बाईंनी. या गोळीचा जोर टिकावा म्हणून ॲलोप्युरिनॉल वापरून पाहिलं, तर त्याने युरिक ॲसिड उतरलं! उपचारात कॅन्सरच्या पेशी भराभर फुटतात, युरिक ॲसिड चढतं, मूत्रपिंडावर येतं. तिथे ते कामी आलं. पण दोन्ही गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकत्र घेतल्या, तर पहिलीचा जोर वाढून रक्तातल्या चांगल्या पेशीही घटतात. म्हणून सासऱ्यांची युरिक ॲसिडची गोळी सुनेला द्यायची नाही.

दुसरं स्टेरॉइडचं. कधी साखर नव्हती, तिचीही चढते. आमच्या गटांत लगेच सल्ला मिळतो, ‘गोळी बंद कर.’ बंद करायची नाही. साखरेवर डॉक्टर वेगळं औषध देतात. फार तहान, सारखी लघवी लागली तर आपल्या संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात किंवा जिथे उपचार चालू असतील तिथे दाखवा. लघवीच कमी झाली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, रात्रीच १०८ला फोन लावा.