छपरावरील विजेची कुळकथा

सूर्यप्रकाशातून वीज काढणाऱ्या फलकांचा वंश अवकाशयानांपासून मोजण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः या फलकाने आपले पहिले बिऱ्हाड १८८४ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका इमारतीच्या छपरावर थाटले होते. चार्ल्स फ्रिट्स या संशोधकाने सेलेनियमच्या थरावर, प्रकाश आरपार जाईल इतका तलम, सोन्याचा वर्ख चढवून हे फलक सिद्ध केले, आणि त्यांतील काही जर्मनीत विद्युततज्ज्ञ वेर्नर सीमेन्स यांजकडे पाठविले असता त्या जाणत्या पुरुषाने त्यांचे महत्त्व तत्काळ ओळखले. परंतु शंभर भाग प्रकाशातून जेमतेम एक भाग वीज हाती येत होती, सोन्यासेलेनियमचा खर्च भारी होता, आणि त्याच शहरात १८८२ पासून एडिसनचे कोळशावरील वीजकेंद्र सुरू होते. तेव्हा फ्रिट्सची कल्पना मागे पडली, यात नवल नाही, तरी त्याच्या धाडसाविषयी मला अपार आदर वाटतो.

पुढे १९५४ साली बेल प्रयोगशाळेतील चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी सिलिकॉनचा घट निर्माण करून हे प्रमाण सहा टक्क्यांवर नेले. १९५८ मध्ये तो व्हॅनगार्ड उपग्रहावर चढला.

छपराकडे परतण्याचे खरे श्रेय मात्र स्वित्झर्लंडच्या मार्कुस रेआल यांस द्यावे लागेल. एका जागी विस्तीर्ण केंद्र उभारण्याऐवजी त्यांनी १९८७ साली झुरिक येथे ३३३ घरमालकांच्या छपरांवर प्रत्येकी तीन किलोवॉटचे संच, म्हणजे एकूण एक मेगावॉट, बसविण्याचा घाट घातला. जागेचा खर्च नाही, आणि जेथे वीज निपजते तेथेच ती खपते, हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते. कारखाने व दुकाने यांना तर ते अधिकच लागू पडते, कारण त्यांची छपरे सपाट व ऐसपैस असून त्यांचा विजेचा खपही बहुतांशी दिवसाच होतो.

हीच युक्ती वाहनतळांवर नेऊ म्हटले, तर वाहनतळाला मुळात छप्परच नसते. पोलादी खांब रोवून ते नव्याने उभारावे लागते, म्हणून तेथील खर्च चढा. फ्रान्सने १० मार्च २०२३ च्या कायद्यान्वये १५०० चौरस मीटरांहून मोठ्या उघड्या वाहनतळांचे निदान निम्मे क्षेत्र सौर छतांखाली आणण्याची सक्ती केली, मुदती ठरविल्या, व कसूर करणाऱ्यांस दंडाची तरतूद केली. जेथे निम्म्या क्षेत्रावर झाडांची सावली आहे तेथे मात्र माफी आहे, आणि सबंध कायद्यात हेच कलम मला सर्वांत सुज्ञपणाचे वाटते.