मुंबईची ‘सुहैली’

जुनी होडी दुरुस्तीला काढतात, तेव्हा पहिले काम रंगाचे नसते, ती रिकामी करण्याचे असते. शिडे, दोर, डबे, फळकुटे बाहेर येतात. तळाशी साचलेला गाळ खरवडला जातो. मग उघड्या फळ्या खरे सांगू लागतात. लाकूड कुठे कुजले, खिळा कुठे गंजला आणि बांधणाऱ्याचा हात कसा होता, हे सारे तेव्हा कळते.

अशाच दुरुस्त्यांतून गेलेली एक होडी म्हणजे ‘सुहैली’. जन्माने मुंबईकर! ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती इथल्या सुतारांकडून सागवानात बांधून घेतली. लांबी अवघी ३२ फूट. हत्यारे वाकस आणि सामता. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला ‘सुहैली’ म्हणतात. ‘सुहैल’ म्हणजे आपला अगस्तीचा तारा. समुद्र प्यायलेल्या ऋषीचे नाव आपण ज्याला दिले, तोच.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधील फालमथहून एकटेच निघाले. वाटेत फळ्यांच्या सांध्यातला कापूस सुटून पाणी शिरू लागले. भर समुद्रात बुड्या मारून त्यांनी कापूस पुन्हा ठासला, वर तांब्याची पट्टी ठोकली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला ते परतले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी शेवट गाठणारेही ते एकटेच.

पुढे या होडीला ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मानाची जागा मिळाली. पण तिथल्या कोरड्या हवेत सागवान आकसू लागले, फळ्यांमध्ये फटी पडल्या. वादळांनी जे केले नाही, ते कोरडेपणाने केले! २००२ मध्ये मालकांनी तिला बाहेर काढले. पुढच्या मोठ्या दुरुस्तीत जुने खिळे उपटून नवे बसवले आणि २०१६ मध्ये ती पुन्हा तरंगली. १४ जून २०१८ रोजी, पन्नास वर्षांनी, ती पुन्हा फालमथला होती.

विक्रमांच्या यादीत सुतारांसाठी रकाना नसतो. त्यांची सही लाकडात असते, आणि ती वाचायची तर होडी आधी रिकामी करावी लागते. आपल्या किनाऱ्यावर वाळूत कलंडलेल्या जुन्या होड्या चुलीत जाण्याआधी कुणी तरी त्या एकदा आतून साफ करून पाहाव्यात, एवढीच विनंती.