शकावली आणि स्क्रीनशॉट

भोरहून रायरेश्वराच्या दिशेने गेलं की रोहिडखोऱ्यात कारी हे गाव लागतं. कान्होजी जेध्यांचं गाव. इथल्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुनं हस्तलिखित होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लोकमान्य टिळकांच्या हाती आलं आणि १९१६ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलं. आज आपण त्याला 'जेधे शकावली' म्हणतो.

शकावली वाचायला अगदी कोरडी आहे. शक, महिना, तिथी आणि त्या दिवशी काय घडलं याची एक-दोन ओळींत नोंद. रंगवून काही सांगितलेलं नाही, कुणाची स्तुती नाही. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला ती सर्व्हरच्या लॉग फाइलसारखी वाटते. पण या कोरड्या कागदातल्या एका नोंदीने महाराष्ट्रात अनेक दशकं चाललेला वाद उभा केला. शिवाजी महाराजांचा जन्म तोवर १६२७ सालचा धरला जायचा. शकावलीत तारीख निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

आजच्या भाषेत सांगायचं तर कारीच्या घरातली जुनी पोस्ट व्हायरल झाली होती. सगळ्यात मोठ्या दैवताबद्दल सगळ्यांना पाठ असलेली माहिती चूक आहे, असं ती सांगत होती. संताप व्हायला यापेक्षा जास्त काय लागतं? वाद झालाच, आणि कडाक्याचा झाला. पण त्या वादात माणसं काय विचारत होती ते बघा. हा कागद अस्सल की नक्कल? नक्कल असेल तर कधीची? लिहिणाऱ्याला ही तारीख कुठून कळली? दुसऱ्या कुठल्या साधनात ती सापडते का? पुढे परमानंदाच्या 'शिवभारता'त तीच तिथी मिळाली, राजस्थानात मिळालेल्या एका जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. अखेर २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली. जयंती तारखेने करायची की तिथीने, हा वाद आजही आहे. तरी १६२७ की १६३० हा प्रश्न पुराव्याने सुटला, आवाज चढवून सुटला नाही.

एकाच खोऱ्यातले कागद

भोर आणि वेल्हे हे जुन्या कागदांचे तालुके आहेत. वेल्ह्याचं नाव आता राजगड केलं आहे. तोरणा आणि राजगड दोन्ही तिथेच. मावळातल्या देशमुख-देशपांड्यांनी वतनाचे कागद जिवापाड जपले, कारण वतनाचा तंटा कागदावरच जिंकायचा असे. म्हणून इथे कागद टिकले. आणि म्हणूनच इथे खोटे कागदही तयार झाले. ज्या कागदाला किंमत असते त्याचीच नक्कल होते.

रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना शिवाजीराजांनी १६४५ साली लिहिलेलं म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. 'हिंदवी स्वराज्य' हे शब्द त्यातले. शाळेच्या भिंतीपासून गाडीच्या काचेपर्यंत ते शब्द पोहोचले, पण ते पत्र अस्सल नाही असं मत अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे. कागद खोटा ठरला तरी स्वराज्य खोटं ठरत नाही. तोरणा आणि राजगड जागेवर आहेत. इतका साधा फरक करायची सवय लागली, तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.

याच खोऱ्यांतले देशपांडे, म्हणजे दादाजी नरसप्रभू आणि हिरडस मावळातले बाजीप्रभू, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाचे. वि. का. राजवाड्यांनी जुन्या कागदांच्या आधारे या समाजाविषयी लिहिलेला मजकूर संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाला, तेव्हा तो समाज दुखावला. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली 'कोदण्डाचा टणत्कार' हे पुस्तक लिहून उत्तर दिलं. भाषा जहाल होती, पण उत्तर छापील होतं. जुन्या मजकुरावर चिडायचं कसं, याचा हा एक नमुना.

दुसरा नमुना ५ जानेवारी २००४ चा. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात एक अत्यंत आक्षेपार्ह वाक्य होतं. प्रकाशकाने ते पुस्तक भारतातून आधीच मागे घेतलं होतं. तरीही पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, कारण लेखकाने पुस्तकात संस्थेचे आभार मानले होते. त्या दिवशी हस्तलिखितं आणि पुस्तकं फेकली गेली, फाडली गेली. महाराजांचा इतिहास ज्या प्रकारच्या कागदांवर उभा आहे, तसलेच कागद महाराजांच्या नावाने पायदळी गेले.

वर्तमानपत्राने छापलेली यादी

आता वर्तमानपत्रांकडे येऊ. कुणाची तरी जुनी गोष्ट छापायची आणि मग लोक भडकले याची बातमी करायची, हा प्रकार ट्विटरने आणला असं आपल्याला वाटतं. पुण्यात तो १८९० च्या सुमारास घडून गेला आहे.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि शहरातली इतर नामवंत मंडळी तिथे गेली. शेवटी चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. विषय तिथेच संपला असता. पण आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी या कार्यक्रमाच्या मागे होते. नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात आली. चाळीसहून अधिक नावं. ख्रिस्ती माणसांच्या हातचा चहा प्यायलेल्यांची यादी.

पुढचा क्रम तुमच्या ओळखीचा आहे. संताप, बहिष्काराची मागणी, 'यांनी खुलासा करावा'चा गजर. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. त्यावर सुधारक चिडले आणि सनातन्यांचंही समाधान झालं नाही. रानड्यांसारख्या माणसाला एक कप चहा इतकी वर्षं पुरला.

या प्रथेला ग्रामण्य म्हणत. ग्रामण्य क्रूर होतं, जातीच्या उतरंडीवर उभं होतं, ते गेलं हे उत्तमच झालं. पण त्यात एक गोष्ट होती जी आजच्या ट्रोलिंगमध्ये नाही: शेवट. आरोप कोणता, ऐकणार कोण, शिक्षा काय आणि ती भोगल्यावर पंगतीत परत कधी बसायचं, हे ठरलेलं असे. आजचा माणूस माफी मागतो आणि त्याच्या माफीचाही स्क्रीनशॉट होतो. पाच वर्षांनी मूळ पोस्ट आणि माफी दोन्ही पुन्हा निघतात.

वर्तमानपत्र स्वतःही फसू शकतं. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या मजकुरासाठी 'केसरी' आणि 'मराठा'वर खटला झाला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. हेतू चांगला होता, छत्रपतींविषयीची कळकळ खरी होती. पण कागद खोटा होता, आणि कळकळीने कागद खरा होत नाही.

तारीख कापलेली बातमी

जुलै २०२० मध्ये अग्रिमा जोशुआ या स्टँडअप कॉमेडियनचा एक व्हिडिओ पसरला. विषय होता अरबी समुद्रातलं शिवस्मारक आणि त्याबद्दल इंटरनेटवर लोकांनी लिहिलेली अचाट उत्तरं. व्हिडिओ २०१९ चा होता. वर्षभर कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. मग एका आठवड्यात मुंबईतल्या स्टुडिओची तोडफोड झाली, तिला बलात्काराच्या धमक्या आल्या, तिने माफी मागितली आणि गृहमंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले. लगेच इतर विनोदवीरांच्या जुन्या पोस्ट उकरून काढणं सुरू झालं.

विनोद आवडला नाही असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. तो व्हिडिओ त्याच आठवड्यात वर का आला? कुणी काढला? बहुतेक बातम्यांत याचं उत्तर नव्हतं. 'सोशल मीडियावर संताप' एवढं वाक्य पुरेसं मानलं गेलं.

जुनी पोस्ट आपोआप वर येत नाही. एखाद्याचं नाव, एखादा शब्द आणि तारखांची मर्यादा टाकून शोधलं की दहा वर्षांपूर्वीचं वाक्य काही सेकंदांत मिळतं. स्क्रीनशॉट घेताना वरची-खालची पट्टी कापली की तारीख जाते, आधीचं संभाषण जातं. उरलेलं वाक्य काल लिहिल्यासारखं दिसतं. बातमीदार त्याखालच्या चार संतप्त कमेंट उचलतो आणि बातमी करतो. ती बातमी वाचून चारशे लोक संतापतात, आणि 'संताप वाढला' ही दुसरी बातमी तयार होते. प्रोग्रॅमिंगमध्ये याला अनंत लूप म्हणतात. बाहेर पडायची अट लिहायची राहून गेलेली असते.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये हा लूप बातमीदारावरच उलटला. एका तरुणाने गंमत म्हणून टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बिअरसाठी पैसे मागणारा फलक धरला, पैशांचा पाऊस पडला, आणि त्याने ते मुलांच्या रुग्णालयाला द्यायचं ठरवलं. स्थानिक वर्तमानपत्राने त्याच्यावर लेख करताना तो सोळा वर्षांचा असतानाची दोन वर्णद्वेषी ट्विट काढली. त्याने माफी मागितली. वाचक मात्र वर्तमानपत्रावरच उखडले, त्यांनी बातमीदाराची जुनी ट्विट खणून काढली आणि त्याची नोकरी गेली. या सगळ्यात कुणाला न्याय मिळाला, हे मला अजून सांगता येत नाही.

मग जुनं काढायचंच नाही का?

काढायचं. उमेदवार, मंत्री, न्यायाधीश, पोलीस अधिकारी पूर्वी काय बोलले हे तपासणं पत्रकारांचं कामच आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे किंवा येणार आहे, त्याच्या जुन्या शब्दांना आजही वजन असतं. पण सतराव्या वर्षी फुशारकीत टाकलेलं स्टेटस आणि पन्नासाव्या वर्षी सभेत केलेलं भाषण, ही एकाच मापाने मोजायची साधनं नव्हेत.

कायद्यालाही काळाचं भान आहे. समाजात तेढ वाढवणं किंवा धार्मिक भावना दुखावणं, या गुन्ह्यांच्या मूळ कलमांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची दखल न्यायालयाने साधारणपणे तीन वर्षांच्या आत घ्यायची, अशी मुदत आहे. विलंब माफ करण्याची सोय अर्थात आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एका स्पॅनिश माणसाच्या बाजूने निकाल दिला. १९९८ च्या वर्तमानपत्रातली त्याच्या घराच्या लिलावाची नोटीस गूगलवर नाव टाकलं की वर येत होती. न्यायालयाने वर्तमानपत्राचं पान तसंच ठेवलं, गूगलला मात्र दुवा काढायला लावला. म्हणजे दप्तर जाळायचं नाही, पण ते रोज चावडीवर वाचायचंही नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. पण जी माहिती माणसाने स्वतःच सार्वजनिक केली, ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तुमची २०१४ ची पोस्ट म्हणूनच तुमच्याच गळ्यात आहे.

भोर-वेल्ह्यात याचा अर्थ शहरापेक्षा कठीण होतो. पुण्यात माणूस सोसायटी बदलू शकतो. इथे आडनाव सांगितलं की गाव कळतं आणि गाव सांगितलं की घर. पहाटे रस्त्यावर धावणारी इथली किती तरी पोरं पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करतात, आणि भरतीत चारित्र्य पडताळणी असते. एका स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला तर पुढे निर्दोष सुटूनही भरतीचं वय निघून गेलेलं असतं. भडकवणारे नेते त्या वेळी तिसऱ्याच सभेत असतात.

म्हणून वर्तमानपत्रांकडे मागणी छोटी आहे. जुनी पोस्ट छापताय तर तिची तारीख मथळ्यात छापा. लिहिणाऱ्याचं तेव्हाचं वय छापा. ती आज कुणी आणि कशासाठी काढली ते शोधा. शोधता येत नसेल तर थांबा. संताप किती जणांचा, ते मोजून लिहा. यातलं काहीही नवं नाही. दप्तरं धुंडाळणाऱ्या संशोधकांनी शंभर वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात हेच केलं, मोडी अक्षर लावत, कागद उजेडाकडे धरून शाई तपासत.

आणि आपण? आपल्या ग्रुपवर पुढचा स्क्रीनशॉट येईल तेव्हा अंगठा फॉरवर्डच्या बाणावर जायच्या आधी वरच्या पट्टीकडे बघायचं. तारीख कापलेली असेल, तर ती कापणाऱ्या हाताबद्दल आधी विचारायचं.